उशिराचे धुके

निर्यातीच्या गुलाबाला वास नसतो. हे आधीच सांगते, कारण पॉलिहाऊसमध्ये पहिल्यांदा आलेला माणूस दारातच खोल श्वास घेतो आणि मग थोडा ओशाळतो. तिथे वास असतो तो ओल्या नारळाच्या भुशाचा, नुकत्याच कापलेल्या हिरव्या दांड्यांचा आणि सकाळी फवारलेल्या औषधाचा, जो दुपारपर्यंत घशात राहतो. जानेवारी उतरणीला लागला की मळवलीहून भाज्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर हा वास मला पुन्हा भेटतो. मी दुचाकी थोडी हळू करते. डाव्या हाताला प्लॅस्टिकची पांढरी छपरे उन्हात चमकत असतात, आत बायकांच्या डोक्यावरचे रुमाल वरखाली होताना दिसतात, आणि माझे कान तापतात. थंडीतही तापतात.

मावळात भाताचा हंगाम पुढे पाहत मोजतात. गुलाबाचा मात्र उलटा मोजावा लागतो. फेब्रुवारीच्या मध्यावर शहरांत आणि परदेशांत प्रेमाचा दिवस असतो. त्याआधी फुले विमानात हवीत, त्याआधी थंड खोलीत, त्याआधी बादलीत. आणि म्हणून छाटणी डिसेंबरच्या तोंडाशी करावी लागते. या उलट मोजणीत चुकायला जागा नसते. कळी एक दिवस आधी उमलली तरी ती निर्यातीची राहत नाही, आणि तिच्या बाहेरच्या पाकळीची कड करपली असेल तर ती घाऊक बाजारात पडेल त्या भावाने जाते. हे गणित मला ओव्हाळ सरांनी समजावून सांगितले. कामशेतच्या शाळेत त्यांनी मला ज्या स्वरात अपूर्णांक शिकवले होते, त्याच स्वरात.

सर निवृत्त होऊन भाज्याला घरी आले तेव्हा त्यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या: रिकामा वेळ आणि बबनतात्यांचे पॉलिहाऊस. तात्या गावातले मोठे जमीनदार. भाताची निम्मी जमीन त्यांनी गुलाबाखाली आणली होती आणि हवेचा ओलावा सांभाळणारे यंत्र विकत घ्यायचे की नाही, या विचारात होते. सरांनी निवृत्तीनंतर स्वतःच पुस्तके आणून प्रोग्राम लिहायला शिकून घेतले होते. त्यांनी एक तळहाताएवढा संगणक आणला, तो भिंतीवरच्या पेटीत बसवला आणि स्वतः प्रोग्राम लिहिला. हवा कोरडी झाली की तो छताजवळच्या नळ्यांमधून बारीक धुके सोडायचा. पेटीला बाहेरून एक लाल बटण होते. फुले तोडणाऱ्या बाया खाली असतील तर त्या भिजू नयेत म्हणून धुके थोडा वेळ थांबवण्यासाठी ते ठेवले होते. सर पेटीवरची धूळ रोज स्वतः पुसत.

धुके येण्याआधी छताजवळ एक सुस्कारा ऐकू येई. मग सगळे आकार मऊ होत, बायांचे आवाज लांब गेल्यासारखे वाटत, कोणीतरी हमखास म्हणे, "आलं गं महाबळेश्वर." आणि हसण्याची एक लाट त्या पांढऱ्या हवेतून इकडून तिकडे जाई. हाताच्या लवेवर थेंब बसत, ते पुसले तरी जात नसत.

मी सांगते आहे त्या हंगामात धुके उशिरा येऊ लागले. डिसेंबरात कोणाला जाणवलेही नाही. जानेवारीच्या शेवटाला मात्र भर दुपारी हवा कोरडी पडून जाई, पाने मलूल दिसू लागत, आणि तो सुस्कारा काही येत नसे. मग आला की सगळे निमूट वर पाहत. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या. निवडीच्या टेबलावर बाजूला काढलेल्या फुलांचा ढीग वाढू लागला.

दोष मंदाताईवर आला. ती भाज्याचीच, माझ्याहून थोडी मोठी. आम्ही दोघीही सरांच्या विद्यार्थिनी, फक्त ती सातवीनंतर शाळेत आली नाही. तिच्या वाट्याचा बेड, म्हणजे गुलाबांचा उंच वाफा, पेटीला लागून होता. सुरुवातीला एकदा तिने सगळ्यांदेखत बटण दाबून म्हटले होते, "आदी माजं लुगडं वाळू द्या, मग तुमची फुलं भिजवा." तेव्हा सगळे हसले होते. आता तेच हसणे तिच्याविरुद्ध पुरावा झाले. सुट्टीला सरांकडे आलेली मी तेव्हा तिथेच होते.

"मंदे, तूच बंद करती," तात्या म्हणाले.

"न्हाई तात्या. येकदा केलतं, ते सांगून केलतं."

"मग काय भूत दाबतंय व्हय?"

तिने सरांकडे पाहिले. सर म्हणाले, "मंदा, खरं सांगितलं तर कोणी रागावणार नाही." हे वाक्य मी शाळेत कितीदा ऐकले होते. त्याचा अर्थ, ठरलेले आहे, आता कबूल कर, असा असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले. मंदाताईने डोक्याचा रुमाल सोडला, कात्री टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. ऐन तोडणीत तिला घरी बसवण्यात आले.

त्यानंतरही धुके उशिराच येत राहिले. तात्या म्हणाले, "तिनं दुसरीला शिकवून ठेवलं आसंल." सरांना मात्र पुराव्याशिवाय हे पटेना, त्यांचे मन पद्धतशीर होते. त्यांनी मला फोन केला. मी लोणावळ्यातल्या एका महाविद्यालयात कार्यप्रणाली हा विषय शिकवते. "बटण केव्हा दाबलं जातं याची निर्विवाद नोंद हवी," ते म्हणाले. "मंदाला एकदा दाखवून दिलं की विषय संपला."

इथे थोडे थांबून समजावून सांगणे आवश्यक आहे. संगणकाच्या कार्यप्रणालीचा सर्वांत आतला भाग म्हणजे कर्नल. पाण्याची पाळी ठरवणाऱ्या पाटकऱ्यासारखे त्याचे काम: कोणत्या प्रोग्रामला किती वेळ, कोणाच्या हाती कोणते उपकरण, कोणी थांबायचे, हे तो ठरवतो. स्वतःच्या कामातल्या घटना काळाच्या अतिसूक्ष्म मापाने नोंदवण्याची सोय त्याच्यापाशी जुनीच आहे. बटण दाबले गेले तर त्याला कळतेच. प्रोग्राम झोपला, जागा झाला, हेही कळते. पण प्रोग्राम कोणत्या कामासाठी थांबला, त्या क्षणी त्याला काय करायचे होते, हे त्याला बाहेरून दिसत नाही. अलीकडे त्यात एक नवी सोय आली आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वतःच्या घटना कर्नलकडे नोंदवून घेता येतात. घटनेला नाव द्यायचे, तिच्याबरोबर कोणती माहिती येईल हे आधी जाहीर करायचे, आणि मग ती घटना कर्नलच्या स्वतःच्या घटनांबरोबर, त्याच रांगेत, त्याच घड्याळाने उमटते. एक बारकावा आहे. कर्नल प्रोग्रामपाशी एक खूण ठेवतो. ही घटना ऐकायला कोणी बसले असेल तर खूण लागलेली असते, नसेल तर पुसलेली. प्रोग्रामने बोलण्याआधी ती पाहायची. ऐकणारा नसेल तर गप्प राहायचे. वर्गात मी हे काटकसरीचे उदाहरण म्हणून शिकवत असे.

रविवारी मी पॉलिहाऊसमध्ये एका पालथ्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून बसले. सर शेजारी उभे. ते बायांना पुन्हा एकदा सांगत होते, "ही माझी विद्यार्थिनी. कॉलेजात शिकवते." एक बाई म्हणाली, "मग आता सरांचाच पेपर तपासती व्हय?" सगळ्या हसल्या, सरही हसले. मला तो विनोद अजून ऐकू येतो.

घटनांची नावे सरांनी ठरवली. नावे इंग्रजी अक्षरांत लिहावी लागत होती, पण शब्द मराठीच हवेत, असा त्यांचा आग्रह. हवा कोरडी. धुके सुरू. धुके बंद. प्रत सुरू. प्रत पूर्ण. "ही शेवटची दोन कशाला?" मी विचारले. "प्रोग्राममध्ये जे जे होतं ते सगळं आलं पाहिजे. आपल्या सोयीचं तेवढं नोंदवणं म्हणजे नोंद नव्हे," सर म्हणाले. हेही त्यांचे वर्गातलेच वाक्य. प्रत म्हणजे काय हे मी विचारले नाही. मी घटना नोंदवल्या, ऐकण्याची सोय चालू केली आणि आम्ही दुपारच्या उन्हाची वाट पाहत बसलो. सरांनी बरोबर पेरू आणले होते. मिठाची पुडीही आणली होती.

वाट पाहताना माझ्या मनात काय होते ते मी लिहून ठेवते, कारण या आठवणीतला सर्वांत टोचणारा भाग तोच आहे. मंदाताई घरी बसली होती. मी तिच्याबरोबर एका फडक्यावर बसून डबा खाल्लेला होता. आणि तरीही माझी इच्छा अशी होती की पडद्यावर बटणाची ओळ यावी. कोणाच्याही हाताची, पण बटणाची. दुसरे काहीही येऊ नये.

हवा कोरडी झाल्याची ओळ आली. त्याखाली धुके सुरू होण्याची ओळ यायला हवी होती; ती आली नाही. त्याआधीच प्रत सुरू झाल्याची ओळ येऊन बसली होती, आणि तिच्यामागे कर्नलच्या ओळींची रांग: प्रोग्राम नोंद साठवणाऱ्या मेमरी कार्डाची वाट पाहत झोपला, जागा झाला, पुन्हा झोपला, पुन्हा. आमच्या डोक्यावर पाने हळूहळू माना टाकत होती आणि पडद्यावर प्रोग्राम झोपत होता, उठत होता. मग कितीतरी वेळाने प्रत पूर्ण. आणि तिला चिकटूनच, धापा टाकत आल्यासारखी, धुके सुरू. छताजवळ सुस्कारा झाला. बटणाची ओळ कुठेच नव्हती.

सरांचा प्रोग्राम दर तासाला संपूर्ण हंगामाची हवेची नोंद, पहिल्या दिवसापासूनची, नव्याने लिहून काढत होता. नवी ओळ शेवटी जोडायची, एवढे पुरले असते. पण आधीची वही बाजूला ठेवून सगळी पुन्हा सुवाच्य उतरवायची, असे त्यांच्या प्रोग्रामचे वळण होते. शाळेत आम्हाला ते तेच सांगत: कच्ची वही मला दाखवू नका, पक्की प्रत आणा. डिसेंबरात नोंद लहान होती म्हणून प्रत चटकन निघे. जानेवारीत ती वाढली, कार्ड संथ पडले, आणि धुक्याची आज्ञा प्रतीच्या मागे तिष्ठत राहू लागली. दुसऱ्या कोणी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ही चूक बहुधा झालीच नसती. ती नीटनेटक्या शिक्षकाचीच चूक होती.

 मी समजावून सांगण्याची गरज नव्हती. नावे त्यांनीच दिलेली होती. धुक्यात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि त्याबद्दल मला धुक्याचे उपकार वाटले. मग ते म्हणाले, "प्रत काढणं बंद करू. ओळ खाली जोडत जाऊ." आवाज अगदी सपाट होता. आम्ही तिथेच दुरुस्ती केली. पुढच्या कोरड्या हवेला धुके ताबडतोब आले आणि बायांनी टाळ्या वाजवल्या.

तात्या आले. सरांनी त्यांना सांगितले, "दुरुस्ती झाली. आता बटणाचा प्रश्न येणार नाही."

भाषेच्या अंगाने या वाक्यात काहीही खोटे नाही. मी ते अनेकदा तपासून पाहिले आहे. पण प्रश्न कधीच बटणाचा नव्हता, एवढेच त्यात नव्हते.

"मग बोलवा मंदीला," तात्या म्हणाले. "मानसं कमीच पडत्यात."

दुसऱ्या दिवशी ती आली, आणि मीही यंत्र पुन्हा पाहण्याच्या निमित्ताने तिथे होते. तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "झालं गेलं सोडून दिलं मी. फकस्त बटनाला हात लावू नगं."

"म्या हात लावला न्हवता," मंदाताई म्हणाली.

"आगं सोडलं म्हटलं ना!"

"सोडायला म्या केलंच काय?"

तात्या फोनवर बोलत बाहेर गेले. सर पेटीवरची धूळ पुसत होते. पेटीवर धूळ नव्हती. जे तिने केलेच नव्हते त्याची माफी तिला मिळाली होती, आणि ती परत करण्याची काही सोय नव्हती. माझ्या लॅपटॉपमध्ये तिच्या बाजूने बोलणारी प्रत्येक ओळ होती. मी तो बंद करून पिशवीत ठेवला.

त्यानंतरचे दिवस ऐन तोडणीचे. बाया उजाडताच येत, हातांना रबरी मोजे, दंडाला जुन्या साड्यांच्या पट्ट्या. कळी किती उघडली हे त्या बोटाच्या पेराला विचारत, डोळ्याला नाही. मंदाताईचा बेड बदलून तिला पेटीपासून लांबचा दिला होता. तिचे नाव बटनवाली पडले होते. "बटनवाले, जरा बादली दे." "बटनवाले, दिवा घालव." म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते, ती हसून उत्तरही द्यायची, "तुजंच बटन दाबते थांब." पण हसताना ती खाली पाहायची. पूर्वी ती मान वर करून हसे. हा फरक कोणत्याही घड्याळाने नोंदवला नसता.

लोणावळ्याला मी त्याच आठवड्यात तोच धडा शिकवत होते. ऐकणारा नसेल तर प्रोग्रामने गप्प राहायचे, हे वाक्य फळ्यासमोर म्हणून मी खडू खाली ठेवला. मंदाताईने पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत, घडले ते सांगितले होते. ऐकायला कोणी बसले नव्हते, एवढेच. मुले वाट पाहत होती. मी पुढचा मुद्दा घेतला.

मग एका संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. ओसरीवर त्यांनी खुर्ची दिली, चहा झाला, त्यांनी माझ्या आईची चौकशी केली. मी म्हणाले, "सर, मंदाताईचं..."

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

ते समोरच्या डोंगराकडे पाहू लागले. लेण्यांकडून उतरणारी शहरी मंडळी मोठमोठ्याने बोलत खाली येत होती.

"तुझी चूक झाली तर ती तुझी चूक असते," ते म्हणाले. "माझी झाली की ती माझ्या एकट्याची राहत नाही. तात्या तोंडावर काही म्हणणार नाहीत. पण घरात म्हणतील, 'तरी मी म्हणत होतो, यांचं असंच.' वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून या घरातून खाडाखोड झालेली वही बाहेर गेलेली नाही. मी शाळेत लागलो तेव्हा हेडमास्तर माझं हजेरीपत्रक दोनदा तपासायचे. बाकीच्यांचं एकदा."

 माझ्या घरातल्या कोणाची वही कधी दोनदा तपासली गेली नव्हती; त्यामुळे धीर करा, असे म्हणण्याचाही अधिकार माझ्यापाशी नव्हता. आणि तरी मंदाताई खाली पाहून हसत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि एकीने दुसरी कमी होत नव्हती. मी उठले. सर फाटकापर्यंत आले. पूर्वी ते निघताना पाठीवर थाप मारत. त्या दिवशी त्यांनी हात जोडले. मला जमीन दुभंगावी असे वाटले. शिक्षकाने विद्यार्थिनीसमोर हात जोडणे, ही पाहण्याची गोष्ट नव्हे.

शेवटचा ट्रक निघण्याच्या दिवशी मी पुन्हा गेले, मदतीला म्हणून. निवडीच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लाल, गुलाबी, पिवळ्या बादल्या दारापर्यंत आल्या होत्या. पुठ्ठे, रबरे, पाण्याचे ओघळ. तात्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मंदाताई दोन्ही हातांत बादल्या घेऊन थंड खोलीकडे निघाली होती, तेवढ्यात सर आत आले आणि नेमके तिच्या वाटेत उभे राहिले.

"मंदा," ते म्हणाले. सगळ्यांनी पाहिले, कारण त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा मोठा होता. आणि मग पुढचे शब्द वर्गातले आले नाहीत. आयुष्यभर आमच्या तोंडून पुसून काढलेली बोली त्यांच्या स्वतःच्या तोंडून आली.

"धुकं माज्यामुळं थांबत हुतं. बटनानं न्हाई. तू सांगितलंस ते खरं हुतं. म्या चुकलो, आन कळल्यावर बी गप बसलो."

 तात्यांच्या बोटाला चिकटलेली चिठ्ठी तशीच राहिली. ते सरांकडे पाहत होते, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. सरांना ते दिसले, मलाही दिसले. मी म्हणाले, "मला पण ठाऊक होतं. त्याच दिवसापासून." माझा आवाज सरांइतका मोठा निघाला नाही. मागच्या बाया तो ऐकू शकल्या की नाही, मला माहीत नाही.

मंदाताईने सरांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मान वर होती. बादल्यांच्या वजनाने तिच्या दंडांच्या शिरा ताणल्या होत्या आणि पाणी तिच्या पायांवर ठिबकत होते.

"बरं," ती म्हणाली. "आता वाटंतून सरका सर. फुलं तापत्यात."

सरांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. चारी बाजूंनी बादल्याच होत्या. सरकायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी आणि मी, दोघांनी भिंतीला पाठ लावली, पाय जवळ घेतले, आणि ती आमच्यासमोरून एक फेरी घेऊन गेली, रिकाम्या हातांनी परत आली, पुन्हा भरून गेली. सगळ्या बादल्या संपेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.